मल्लप्पाचा तळहात

मल्लप्पा, तू उत्तर न देता गेलास. बोली अर्धी टाकून रुमाल झटकायचा आणि उठायचे, ही खोड माझी. तुझी नव्हे. तू उन्हे कलेपर्यंत बसणारा माणूस. म्हणून मी गाफील राहिलो. म्हटले, आज नाही तर पुढच्या बाजारी काढून घेऊ याच्या तोंडून.

आता कुणाच्या तोंडून काढू?

माझा प्रश्न एकच होता आणि तो तुला पाठ झाला होता. गड्ड्याच्या जत्रेत, माळशिरसच्या त्या खिलार जोडीच्या सौद्यात, मी जिंकलो की तू मला जिंकू दिलेस? सोलापूरचा सारा बैलबाजार म्हणतो, मी जिंकलो. मल्लप्पाला नमवणारा हा एकच, असे माझ्या पाठीमागेही बोलतात, आणि पाठीमागे लोक खरे बोलतात. पण रुमालाखाली त्या दिवशी काय झाले ते दोघांनाच ठाऊक. त्यातल्या एकाला काल मातीत ठेवून आलो. आणि दुसऱ्याला त्या दिवशी काही कळतच नव्हते.

तू तुझ्या कानडीत म्हणशील, "येनप्पा, काय रे, मेल्यावरबी भांडण?" होय, मेल्यावरही. मी टेंभुर्णीहून आलो तेव्हा डोक्यावरच्या चुंबळीखेरीज माझे असे काही नव्हते. पेठेत दुसऱ्यांची पोती वाहिली. वाहता वाहता विकणाऱ्यांची तोंडे आणि घेणाऱ्यांचे डोळे वाचायला शिकलो. अक्षरे त्यानंतर शिकलो. पहिला बैल घेतला तेव्हा तो लंगडत होता, विकला तेव्हा धावत होता. जे काही आहे ते भांडून मिळवलेले आहे. कुणी काही सहज देऊ केले की माझे माथे भडकते. वाटते, याने मला भिकारी समजले. हे तुझ्याइतके कुणालाच माहीत नव्हते, आणि तूच मला संशयात ठेवून गेलास.

ज्याने बैलबाजार पाहिला नाही त्याच्यासाठी थोडे सांगतो, तू जरा दम धर. आमच्या हेड्यांच्या, बैल घेण्याविकण्याच्या धंद्यात बोली तोंडाने होत नाही. दोघे जवळ बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एक दुसऱ्याची बोटे धरतो. किती बोटे धरली, कुठल्या पेरापाशी दाबली, यावरून भाव समजतो. भोवती माणसांचा गराडा असतो, पण कुणाला पत्ता लागत नाही. तोंड दगडासारखे ठेवायचे. मान हलवायची नाही. होकाराला नाही, नकाराला तर नाहीच. मी तरणा होतो तेव्हापासून मान अशी रोवून बसायला शिकलो होतो की समोरच्याला वाटावे, या गड्याच्या धडावर खुंटा ठोकलाय.

तो खुंटा पुढे हलेनाच. कवटीच्या बुडापासून खांद्यापर्यंत कुणी ओला दोर आवळत न्यावा तसे होई. मागून हाक आली की सगळा देह वळवावा लागे, अरुंद बोळात गाडी वळवावी तसा. उजव्या हाताला मुंग्या येत. तोंड वर करून आभाळ पाहिल्याला किती वर्षे झाली होती कोण जाणे. आम्ही बैलवाले, जनावराचा खांदा धरला की डागतो. मीही मानेवर डागून घेतले. कातडीची आग झाली, आतला दोर तसाच. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मान सगळीकडून चाचपली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. मान बांधून ठेवू नका, थोडी थोडी हलवत राहा." बाटली नाही, लेप नाही. मी बाहेर येऊन त्यांना शिव्या घातल्या, घरी गेलो आणि लोकरीच्या पट्ट्याने मान करकचून बांधली. दुखावलेला बैल दावणीला उभा ठेवतात. मी स्वतःला दावणीला बांधून घेतले.

अशा मानेने मी त्या जत्रेत तुझ्यासमोर बसलो. जोडी तुझी, गिऱ्हाईक मी. काय जोडी होती! शिंगे अशी की एकाच कारागिराने घडवली असावीत. ती घेईन तर मीच घेईन असे मी साऱ्या बाजारात बोलून बसलो होतो.

रुमाल पडला. तू माझी बोटे धरलीस. तू धरलीस हे रुमाल हलला म्हणून समजले. बोटांना काहीच कळले नाही. किती बोटे? कुठले पेर? तू जणू दुसऱ्याच कुणाचा हात धरून बसला होतास. बैलवाल्याची बोटे गेली म्हणजे गवयाचा गळा गेला. मी तोंड दगडासारखे ठेवले. तेवढेच हातात उरले होते. अंदाजाने तुझी बोटे धरली आणि दाबली. तू थांबलास. गराडाही थांबला. मग तू पुन्हा माझी बोटे धरलीस, एकेक, सावकाश, हाडापर्यंत जोर लावून, आंधळ्याला उंबरा दाखवावा तशी. आणि मोठ्याने म्हणालास, "दिली!"

बाजार ओरडला. कुणी माझ्या फेट्यावर गुलाल टाकला. मी जिंकलो होतो. पण तू रुमालाखालचा माझा हात सोडला नव्हतास. ओठ न हलवता विचारलेस,

"हात कधीपासनं झोपतोय?"

"तुज्या बापाचं काय गेलं?"

"बापाचं न्हाय, माझं गेलं. तुझ्यासारखा भांडायला दुसरा कुटनं आणू मी?" आणि वर म्हणालास, "उद्या गिरणीच्या भोंग्याआधी चिंचेखाली ये. न्हाय आलास तर बाजारात सांगतो, ह्या हेड्याचा हात झोपतोय म्हणून."

हे मात्र तुला शोभले. धमकी दिलीस म्हणून मी आलो. गोड बोलला असतास तर आलो नसतो.

बाजाराच्या कडेची ती चिंच, खाली जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी. तू मला डोणीच्या काठावर बसवलेस. तू जुना पहिलवान, कान मोडलेला, मानेचा घेर माझ्या मांडीएवढा. मला वाटले, आता हा माझी मान धरून कडाड् वाजवणार. मी दात आवळून बसलो. तू माझा लोकरीचा पट्टा सोडून डोणीवर ठेवलास, समोर उभा राहिलास आणि माझ्या कपाळावर तळहात टेकवलास.

"ढकल."

"किती?"

"मधे अंडं धरलं तर फुटू नये, इतकंच."

"असल्या जोरानं काय हुतंय? मी पोती वाहिल्यात, मल्लप्पा."

"म्हणूनच की. पोत्याला जोर दिलास. मानंला कदी दिलास?"

मी ढकलले. रागाने जास्तच ढकलले. तळहात हलला नाही. मी जोर कमी केला, तर तुझाही जोर तितकाच कमी झाला. वाढवला, तर तितकाच वाढला. माझे कपाळ पुढे सरकत नव्हते आणि तुझा हात मागे रेटत नव्हता. गिरणीचा भोंगा सुरू झाला. "भोंगा सरंपर्यंत धरून ठेव," म्हणालास. मग एका कानशिलावर हात, मग दुसऱ्या, मग मागे डोक्याला, डागल्याच्या खुणांच्या वर.

आयुष्यभर मी माणसांच्या हातांशी झुंजत आलो. प्रत्येक हात एक तर मला ओढत असे, नाही तर रेटत असे. असा हात मी तोवर पाहिला नव्हता. त्याला माझ्याकडून काही काढायचे नव्हते. तो फक्त माझ्या जोराएवढा होता. मी आजवर मोठी देवळे पाहिली, गिरणीचे इंजिन चालताना पाहिले, नदीचा पूर पाहिला; पण त्या सकाळी कपाळाला टेकलेल्या हाताने जितका चकित झालो तितका कशानेच झालो नाही. तुला हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू भाव वाढवला असतास.

कुठून शिकलास हे, तर म्हणालास, तालमीत. जवानीत एका कुस्तीत तू मानेवर पडलास. लोक म्हणाले, मल्लप्पा गेला कामातून. तुझ्या वस्तादाने तुला तालमीबाहेर काढले नाही आणि कुस्तीलाही उतरवले नाही. रोज पहाटे समोर बसवून कपाळाला हात लावला. आखाड्याच्या हौद्यातल्या मातीला हात लावायची परवानगी मिळाली तेव्हा पावसाळा येऊन गेला होता. हे सांगताना तू वस्तादाचे नाव घेऊन कान धरलास. तो मोडलेला कान.

मी तुझ्याशी रोज घासाघीस केली. "दुप्पट केलं तर निम्म्या दिवसांत हुईल का?" तू म्हणालास, "मान काय मिरच्या हाय, ठोकात घ्यायला?" मी म्हणालो, "निदान आजचा भोंगा लांबलाय, उद्याचं आजच धर." तू म्हणालास, "साकू." बस्स झाले म्हणायचा तुझा हा कानडी शब्द ऐकून माझे पित्त खवळे. मला आयुष्यात कुणी बस्स म्हटलेले नव्हते. मीच म्हणायचो. तुझी बायको गौरव्वा भाकरी घेऊन येत असे, चिंचेपासून लांबूनच आपला आवाज ऐकून म्हणायची, "रेड्यांची टक्कर संपली का अजून हाय?"

"हनुवटी आत घे," तू सांगायचास. "बैल जू घेताना मान कशी धरतो? पुढं काढून?"

"मला बैल शिकवतोस?"

"बैल तुला येतोय. तुला तू येत न्हाईस."

मग डावीकडे बघ, उजवीकडे बघ. दुखायला लागले की तिथेच थांब, श्वास घे, परत ये. खांदे मागे, जशी त्यांच्यावर कावड आहे. आणि मग एके दिवशी तू माझी चुंबळ मागवलीस. मी खूश झालो. आता हा पोते देणार. तू चुंबळीवर मूठभर वाळूची पिशवी ठेवलीस आणि म्हणालास, "चिंचेला फेरी मार." माझ्या हाताखालचे गडी बघत होते. ज्या डोक्याने पेठेतले धान्य वाहिले त्यावर लहान मुलीच्या भातुकलीतले ओझे! मी ती पिशवी फेकली. तू ती उचललीस, झाडलीस, पुन्हा ठेवलीस. "निधान," म्हणालास. हळू. "खोंडाला पयल्या दिशी भरली गाडी जुंपतोस व्हय रे?"

नाही. पहिल्या दिवशी नुसते लाकूड खांद्यावर देतो. मग मोकळी गाडी. हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगून बैल विकले होते.

आणि तरीही मी घात केलाच. दोर सैल झाला, रात्री झोप लागू लागली, तसा मला माज आला. तू अक्कलकोटच्या बाजाराला गेला होतास. मी ज्वारीचे पोते डोक्यावर घेतले, गडी टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी मान पुन्हा खुंटा. तू परत आलास. मी शिव्यांची वाट पाहत डोणीवर बसलो होतो. माझी उत्तरे तयार होती. तू वाळूची पिशवी बाजूला ठेवलीस आणि पहिल्या दिवसासारखा कपाळाला तळहात लावलास. "अंडं फुटू नये, इतकंच." मल्लप्पा, शिवी दिली असतीस तर मी उठून गेलो असतो. तू माझ्या मानेला जसे ओळखलेस तसे मलाही ओळखले होतेस.

ती सकाळ आठवते? तुला काय आठवणार, तुला ती दिसलीच नव्हती. मी तळ्याकाठून येत होतो. मागून कुणीतरी हाक मारली आणि मी मागे पाहिले. बस, पाहिले. हाक मारणारा तिसऱ्याच कुणाला बोलावत होता. मी मात्र तिथेच उभा. पाय पुढे, छाती पुढे, आणि फक्त मान वळलेली. देह न वळवता मी मागे पाहिले होते. मग भीत भीत तोंड वर केले. किल्ल्याच्या बुरुजावर घारी फिरत होत्या. तिथून वर नुसते आभाळ, आणि किती आभाळ! रस्त्यात उभा राहून एक व्यापारी माणूस आभाळाकडे तोंड करून रडतोय, हे पाहून एका टांगेवाल्याने विचारले, "क्या हुआ, सेठ?" मी त्याला शिवी दिली.

त्या दिवसापासून बोटांत हळूहळू जीव भरला. आधी अंगठ्याशेजारच्या बोटात, मग मधल्यात. पुढच्या जत्रेत रुमालाखाली तू माझी बोटे धरलीस आणि मला प्रत्येक पेर समजले, तुझ्या तळव्यावरचा घट्टासुद्धा. आपण उन्हे कलेपर्यंत बसलो. तो सौदा तू जिंकलास. मी इतका चिडलो होतो आणि इतका आनंदात होतो की घरी जेवलो नाही.

पण मग तो जुना किडा वळवळू लागला. आता जर बोटांना कळते आहे आणि मी हरतो आहे, तर कळत नव्हते तेव्हा जिंकलो कसा? मी विचारले, तू हसलास. पुन्हा विचारले, तू म्हणालास, "हनुवटी आत घे." पोळ्याला बैलांचे खांदे लोण्याहळदीने मळताना विचारले. तू माझ्या मानेला हळदीचा हात पुसलास. एकदा तर मी तुझ्या दारात उभा राहून ओरडलो, "दया केलीस का माज्यावर? बोल!" गौरव्वा आतून म्हणाली, "दादा, ह्यो माणूस उधार हसूबी देत न्हाय. दया कुटली करतोय?"

परवा तुझा ताप उतरू लागला, पण तुला बरोबर घेऊनच उतरणार हे सगळ्यांना दिसत होते. मी उशाशी बसलो. त्या मांडीएवढ्या मानेच्या शिरा मोजता आल्या असत्या. तू डोळे उघडलेस, हात उचललास आणि माझ्या कपाळाकडे आणलास. मी खाली वाकलो.

"ढकल," म्हणालास.

मी ढकलले. पहिल्यांदाच तळहात मागे जाऊ लागला. मला ते पाहवेना. मी हळूच जोर काढून घेतला, इतका हळू की कुणाला समजू नये, आणि तुझा हात पुन्हा थांबला.

"चोरा," तू डोळे मिटूनच म्हणालास. "जोर काडलास."

"न्हाय काडला."

"मला कळतंय की. समोरचा हलका झाला की मला लगेच कळतंय."

मी संधी सोडणारा माणूस नाही, मरणाच्या अंथरुणापाशीही नाही. म्हणालो, "मग त्या दिवशी तू हलका झाला हुतास का? एवढं सांग."

तुझ्या छातीत हसू आणि खोकला एकत्र आला. "तू सांग. हात तुजा हुता." मग म्हणालास, "ढकल. खरं ढकल."

मी खरे ढकलले. तुझा हात माझ्या कपाळासकट तुझ्या छातीवर आला, आणि तिथेच राहिला. तू म्हणालास, "साकू." त्यानंतर तू बोललास ते कानडीत, गौरव्वाशी. ते माझे नव्हते.

काल तुझ्या लोकांनी तुला मांडी घालून बसवले. आमच्यात माणूस गेला की आडवा करतात. तुम्ही लिंगायत गेलेल्यालाही बसवून पाठवता. भस्म लावले, तळहातावर लिंग ठेवले, फुलांनी सजवले. सगळे झाले, पण डोके पुढे कलंडू लागले. तुझा मुलगा फडक्याने बांधायला निघाला. मग थांबला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, तोवर तुमी धरा."

मी समोर उकिडवा बसलो आणि तुझ्या कपाळावर तळहात टेकवला.

मल्लप्पा, रोज सकाळी मी तुझ्या हातावर कपाळ टेकले. तुझ्या कपाळाला माझा हात कधी लागला नव्हता. आता लागला. तुझी हनुवटी आत घेतली, मान सरळ केली, जशी तू शिकवली होतीस. आणि वाट पाहिली. तुझ्या बाजूने काही आले नाही. तू बऱ्या केलेल्या या बोटांना कपाळावरची भस्माची रेघ कळत होती, त्याखालचे हाड कळत होते, गारवा कळत होता. जोर नव्हता. हलका होणे म्हणजे काय ते मला तेव्हा समजले, आणि हेही समजले की त्या दिवशी रुमालाखाली तू हलका झाला होतास की नव्हतास, ते या बोटांना आता कधीच कळणार नाही. माझ्या सुन्न हाताबरोबरच ते गेले.

फडके बांधून झाले तरी मी हात काढला नाही. मुलाला तो बाजूला करावा लागला.

आज चिंचेखाली येऊन बसलो आहे. डोणीत पाणी आहे, वाळूची पिशवी फांदीला तशीच लटकते आहे. माझे गाऱ्हाणे मी सोडलेले नाही. सोडणारही नाही. रोज सकाळी कपाळ टेकायला मला काहीतरी घट्ट हवे, आणि तू मागे हे गाऱ्हाणे तेवढे ठेवून गेला आहेस. भोंगा सुरू झाला तसा मी माझाच तळहात माझ्या कपाळाला लावला आणि ढकलले, अंडे फुटू नये इतकेच. भोंगा सरला. साकू म्हणायला कुणी नव्हते, म्हणून मी धरूनच ठेवले.